गरम होतंय

घरात सगळे तिला धाकटी म्हणत. विजेवर चालणाऱ्या स्कूटरचे चार्जर दुरुस्त करणाऱ्या वर्कशॉपमध्ये ती कामाला होती. हात असा बसलेला की अडलेला माल मालक आधी तिच्याच टेबलावर आणून ठेवायचा.

आईला झटका आला आणि उजव्या अंगाबरोबर तिची वाचाही गेली. तेव्हा धाकटीने तिच्या चाकाच्या खुर्चीवर एक जुना टॅब बसवला. आई डाव्या हाताने अक्षरं दाबायची आणि टॅब ती मोठ्याने वाचायचा. टॅबची स्वतःची बॅटरी कधीच मेली होती. म्हणून खुर्चीच्या बॅटरीचे चोवीस व्होल्ट पाचावर उतरवणारा छोटासा कन्व्हर्टर धाकटीने स्वतः बनवला आणि सीटखाली चिकटवला. आईचं टॅबवरचं पहिलं वाक्य होतं, "आधी केस विंचर." धाकटीला हसू आवरेना आणि रडूही.

काही आठवडे बरे गेले. मग दुपार जवळ आली की आई गप्प होऊ लागली. येऊन-जाऊन लक्ष ठेवणाऱ्या शेजारच्या काकू सांगायच्या, "सकाळी छान बोलतात गं, मग एकदम बंद." धाकटी संध्याकाळी घरी यायची, तेव्हा आई पलंगावर असायची आणि खुर्ची कधीची बंद. ती खुर्ची चालू करून मीटर लावायची. बरोबर पाच व्होल्ट.

"कन्व्हर्टर ठणठणीत आहे, आई. तूच काहीतरी भलतंच दाबत असशील."

खुर्ची पलंगाशी ओढल्यावर आईने दाबलं, "गरम होतंय."

धाकटीने पंखा वाढवला.

मग एका रविवारी दुपारी दादा आला. आईचं शिवणयंत्र खिडकीपाशी नुसतं पडून होतं. तो म्हणाला, "मावशीला देऊन टाकू या का, आई? खुर्ची वळवायला जागा होईल." टॅब काळा पडलेला. आईने घशातून आवाज काढला, काळ्या काचेवर बोटं आपटली, पुन्हा आपटली.

"तिला आता फारसं कळत नाही गं," दादा हळूच म्हणाला.

धाकटी आठवडाभर राबून दमली होती. "हो रे. हल्ली तिचं लक्षच लागत नाही," ती म्हणाली, आणि तेही आईच्या समोर. त्याच दिवशी मावशीचा मुलगा टेम्पो घेऊन आला.

संध्याकाळी टॅब बोलला, "मशीन?"

"अगं, दुपारी ठरलं ना आपलं!"

त्यानंतर आई फक्त "पाणी" आणि "बाथरूम" एवढंच लिहायची.

पुढच्या आठवड्यात मालक गावाला गेला, वर्कशॉप बंद राहिलं आणि धाकटी दिवसभर घरी होती. ती आईसमोर बसून भाजी निवडत असताना टॅबचा उजेड कमी होत गेला. आईचं बोट अक्षरावर असतानाच काच काळी झाली. आईने तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत तक्रारही नव्हती, फक्त 'बघ' एवढंच होतं.

धाकटीने मीटर आणला. बॅटरीकडून येणारा विजेचा दाब जागच्या जागी होता. बाहेर जाणारा मात्र चारावर आला होता आणि अजून उतरत होता. तिने टॅबची वायर काढली. आकडा हळूहळू वर चढला. वायर पुन्हा जोडली, तर पुन्हा घसरला. तिने सीटखाली हात घातला आणि झटकन मागे घेतला. बोट भाजलं होतं.

खडखड होऊ नये म्हणून कन्व्हर्टर तिनेच स्पंजमध्ये गुंडाळला होता. आत उष्णता कोंडायची, चिप स्वतःला वाचवायला हात आखडता घ्यायची आणि दाब उतरत जायचा. संध्याकाळी सगळं गार झालेलं असायचं, म्हणून मीटर पाचच दाखवायचा. हीच चूक कुणी वर्कशॉपमध्ये केली असती, तर तिने त्याची बिनपाण्याने केली असती.

"गरम होतंय," ती पुटपुटली. आईच्या मांडीखाली ती पेटी रोज तापत होती. आणि आपण पंखा वाढवला.

तिने स्पंज ओरबाडून काढला, कन्व्हर्टर खुर्चीच्या उघड्या लोखंडी दांडीला पत्रा लावून त्यावर घट्ट बसवला आणि दुपारभर मीटर लावून ठेवला. आकडा हलला नाही. पण ती काही केल्या आईच्या तोंडाकडे पाहीना.

"मी मशीन परत आणते," शेवटी ती म्हणाली. "आत्ता जाते मावशीकडे."

आई सावकाश अक्षरं दाबत राहिली. मग टॅब त्याच्या सपाट आवाजात बोलला, "राहू दे. ती वापरेल. मला विचारायचं होतं."

"विचारलं होतं गं, पण..." धाकटी थांबली. "नाही. तुझं उत्तर न ऐकताच ठरवलं. चुकलं माझं, आई."

आईने मान हलवली नाही, हातही पुढे केला नाही. तिने लिहिलं, "दादाला सांग. मला सगळं कळतं."

"सांगते ना. रविवारी येईल तेव्हा—"

"आत्ता."

धाकटीने फोन लावला. दादाने उचलला. पलीकडे भांड्यांचा आवाज येत होता. "काय गं, आई बरी आहे ना?"

"आई बरी आहे," ती म्हणाली. तिने फोन स्पीकरवर टाकून आईच्या मांडीवर ठेवला. "दादा, बिघाड माझ्या कामात होता. आईच्यात नाही. ती समोरच बसली आहे. आधी माझं नीट ऐक, मग तिच्याशी बोल."