आतून उघडणारं दार

चष्म्याच्या दुकानात कामाला निघताना ताई दाराला बाहेरून कुलूप घालायची. आई आत असायची. दुपारी जेवायच्या सुट्टीत ताई स्कूटर दामटत घरी यायची, आईला भरवायची, चादर बदलायची आणि पुन्हा कुलूप घालून जायची. कोणी विचारलं तर ती लपवायची नाही. "दुसरं काय करू, सांगा," म्हणायची.

आईला विसर पडायला लागला होता. आधी नावं गेली, मग माणसं, मग घराची वाट. एकदा ती पार बस डेपोच्या मागे सापडली. एका पायात चप्पल होती, दुसरा पाय रक्ताळलेला. त्या दिवसानंतर कुलूप आलं. गॅसचा रेग्युलेटर ताई काढून कपाटात ठेवायची, इस्त्री तर शेजारी देऊन टाकली होती. आग लागेल असं घरात काही ठेवलेलंच नाही, या विचाराने ती निर्धास्त होती.

मग मागच्या गल्लीतलं घर जळलं. दाराजवळ चार्जिंगला लावलेल्या स्कूटरच्या बॅटरीने पेट घेतला. घरातले आजोबा मागच्या दारापाशी सापडले. त्या दाराला आतून कुलूप होतं आणि किल्ली स्वयंपाकघरात खुंटीला लटकत होती. गल्लीतल्या लोकांनी दाराच्या पलीकडून त्यांचा आवाज ऐकला होता. ते त्याबद्दल बोलायचं टाळत.

पुढच्या रविवारी नगरपालिकेने शाळेच्या सभागृहात घरमालकांची बैठक बोलावली. अग्निशमन दलाचे अधिकारी नियम समजावून सांगत होते. माणूस बोलायला संथ, आवाज बसलेला. झोपायच्या खोलीबाहेर धूर झाला की वाजणारी घंटा हवी. जिन्यात सामान नको. बॅटरी बाहेर पडायच्या वाटेवर चार्ज करायची नाही. एका तरी खिडकीची जाळी आतून उघडली पाहिजे. आणि घरात माणूस असेल तेव्हा बाहेरचं दार आतून, किल्लीशिवाय उघडलं पाहिजे.

"हेच नियम चोरांनाही कळवा साहेब, त्यांची सोय होईल," मागून कोणीतरी म्हणालं. लोक हसले. अधिकारीही थोडे हसले.

ताई उभी राहिली. "आणि आतला माणूस बाहेर पडला की हरवणार असेल तर?"

अधिकाऱ्यांनी हातातला कागद खाली ठेवला. "तुमचं घर बघायला येतो," ते म्हणाले.

दोनेक दिवसांनी ते आले. येताना धुराची घंटा घेऊन आले होते. आईने त्यांना ओळखीच्या पाहुण्यासारखं बसवलं. "घरचे सगळे बरे ना?" तिने विचारलं. "बरे आहेत," ते म्हणाले. स्टुलावर चढून त्यांनी घंटा बसवायला घेतली. तेवढ्यात बाहेर कोणीतरी हॉर्न वाजवला, ताईची स्कूटर वाटेत होती. ती हलवायला ताई बाहेर गेली आणि हाताच्या सवयीने दार ओढून कुलूप लावून गेली. तिच्या ते लक्षातही आलं नाही.

स्कूटर सरकवत असतानाच आत घंटा वाजली. कानठळ्या बसवणारा आवाज होता. अधिकारी चाचणी घेताहेत हे ताईला कळत होतं. तरी कुलपाकडे नजर गेली आणि ती धावत सुटली. किल्ली भोकात जाईना. जुडगा खाली पडला.

दार उघडलं तेव्हा आई समोरच खुर्चीत बसली होती. दाराकडे तोंड करून, हात मांडीवर ठेवून. घंटा अजून वाजत होती. अधिकारी तिच्या शेजारी उभे होते.

"बघा, मी म्हटलं नव्हतं?" आई त्यांना म्हणाली. "ती येते. ती येईपर्यंत इथंच बसायचं असतं."

अधिकाऱ्यांनी घंटा बंद केली. आई आपली खुर्ची जागेवर ठेवायला आत गेली.

"मी दार ओढून बघितलं," ते हलक्या आवाजात म्हणाले. "मलासुद्धा उघडता आलं नाही."

ताई उंबऱ्यावरच बसली आणि पदराने तोंड दाबून रडली.

"नियम तोडलात म्हणून मी काही लिहून नेणार नाही," ते म्हणाले. "पण कुलूप काढलं की काम संपलं, असंही समजू नका. यांना एकट्यांना उठून बाहेर पडायचं सुचणार नाही. घंटा वाजली तर हात धरून बाहेर नेणारं माणूस पाहिजे. ते कोण, हे तुम्हालाच ठरवावं लागेल."

त्या संध्याकाळी ताईने भावाला फोन केला. धाकटा भाऊ दुसऱ्या गावात होता. "अगं पण इतकी वर्षं काही झालं का?" तो म्हणाला. ताई म्हणाली, "आत घंटा वाजत असताना तू एकदा कुलपाबाहेर उभा राहून बघ."

कुलूप गेलं. त्या जागी आतून फिरवायची मूठ आली, आणि दार उघडलं की वाजणारी छोटी घंटी. ताईने दुकानात सांगून सकाळची पाळी सोडली, संध्याकाळची घेतली. संध्याकाळी समोरचे ड्रायव्हरकाका येऊन बसत. आयुष्यभर बस चालवून ते निवृत्त झाले होते, बायको गेल्यापासून घर त्यांना खायला उठायचं. आईला बाहेर जावंसं वाटलं की घंटी वाजायची, काका चपला घालायचे आणि तिच्या मागोमाग निघायचे. ते तिला अडवत नसत. दमली की ती आपणच थांबायची, मग हात धरून ते तिला परत आणायचे.

असं वर्षभर चाललं. मग एकदा दारासमोरच्या पायरीवर आईचा तोल गेला. काका हाताच्या अंतरावर होते, पण पोचले नाहीत. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण आई अंथरुणातून उठली नाही. थंडी सरता सरता ती गेली.

भाऊ आला. सगळं आवरल्यावर तो आणि ताई बाहेरच्या खोलीत बसले होते. "कुलूप असतं तर पडली नसती," तो म्हणाला. त्याने भांडायला म्हटलं नव्हतं. त्याचे डोळे सुजलेले होते.

"नसती पडली," ताई म्हणाली. तिनेही हे कितीदा तरी मनाशी म्हटलं होतं.

काका कोपऱ्यात बसले होते. पायरीवरच्या त्या दिवसापासून ते कोणाच्या नजरेला नजर देत नव्हते.

"काका, कुठं जायची हो ती?" भावाने विचारलं. "तुम्ही रोज बरोबर असायचात."

"शाळेकडे," ते म्हणाले. "शाळा सुटायची वेळ झाली म्हणायच्या. माझी पोरं फाटकाशी वाट बघत असतील म्हणायच्या. मी मागे पडलो की रागवायच्या मला, पाय उचला म्हणायच्या. फाटकापाशी जाऊन उभ्या राहायच्या. शाळा तर बंद झालेली असायची त्या वेळी."

"मग?"

"मग मी सांगायचो, पोरं घरी पोचली. की त्यांना बरं वाटायचं. परत येताना अगदी सावकाश चालायच्या."

भावाने मान खाली घातली. ताई उठली, काकांच्या शेजारी जाऊन जमिनीवर बसली, आणि तिने त्यांचा हात हातात घेतला.