उचलता न येणारी फरशी

लष्कराच्या वर्कशॉपमध्ये उमेदीची वर्षं काढून उदयसिंह कडेगावजवळच्या आपल्या गावी परतला, तो डोक्यात स्वतःच्या लेथ मशीनचं वर्कशॉप घेऊनच. वडील गेल्यावर घरामागचा अर्धा गोठा त्याचा आणि अर्धा थोरल्या मानसिंगचा, असं तोंडी ठरलं होतं. उदयसिंहाच्या अर्ध्यात नुसती माती. मातीवर लेथ नाचतो, चकचकीत टाइल्सवर लोखंड पडलं की तडा जातो, हे तो भेटेल त्याला पटवत हिंडत होता.

"शहाबादी टाक की," मानसिंग म्हणाला. "उद्या उचलायची झाली तर उचलता येती."

"उचलायची कशाला?"

"वाटणी अजून कागदावर न्हाई, म्हणून म्हनलो."

हे उदयसिंहाच्या वर्मी लागलं. थोरल्याला आपलं वर्कशॉप टिकायलाच नको आहे, असं त्यानं मनाशी धरलं आणि लोखंडी जाळी घालून जाड काँक्रीट ओतायचं ठरवून टाकलं. हट्टाला पेटला की त्याला समोरचा माणूस दिसत नसे. गोठ्याच्या त्या भागात मधोमध वडिलांनी ठोकलेला बैलाचा खुंटा होता. बैल कधीच गेले होते, तरी मानसिंग दर बेंदराला, बैलांच्या सणाला, त्या खुंट्याला हळदकुंकू लावून पुरणपोळीचा नैवेद्य दाखवायचा. उदयसिंहानं तो जमिनीलगत कापला आणि वर काँक्रीट ओतून घेतलं. भावाला विचारायची त्याला गरजही वाटली नाही.

दुपारी मानसिंग रानातून आला. गवंडी जेवायला गेले होते. कापलेला खुंटा उकिरड्यावर दिसताच त्यानं कुदळ उचलली आणि तो सरळ ओल्या काँक्रीटमध्ये शिरला.

"दादा, भाईर हो."

"आबांचा खुंटा कापलास? लाज न्हाई वाटली रं?"

कुदळीचा पहिला घाव जाळीवर खणखणला. दुसरा पडायच्या आत उदयसिंहानं हातातली सळई त्याच्या खांद्यावर हाणली. हाड मोडल्याचा आवाज दोघांनीही ऐकला. मानसिंगनं दुसऱ्या, धड हातानं कुदळीचा दांडा फिरवला, तसे उदयसिंहाचे पुढचे दात तुटून तोंडात रक्त भरलं. मग त्याचं भान सुटलं. त्यानं भावाला पालथा पाडला, पाठीवर गुडघा रोवला आणि त्याचं तोंड ओल्या काँक्रीटमध्ये दाबून धरलं. मानसिंग हात आपटत होता. सोडावं असं उदयसिंहाला वाटलं नाही. उलट बरं वाटलं, आणि हे त्याला पुढं कुणालाच सांगता आलं नाही.

आई, राहीबाई, धावत आली. तिनं पाण्याची कळशी त्याच्या डोक्यात घातली, तेव्हा कुठं त्याची पकड सुटली. रक्त बघून गवंडी परस्पर निघून गेले.

मानसिंगचा खांदा सांगलीच्या दवाखान्यात जुळला. सिमेंटनं भाजलेला डावा डोळा मात्र गेला. पोलिसांना त्यानं, पाय घसरून पडलो, एवढंच सांगितलं.

उदयसिंह दवाखान्यातून घरी आला तेव्हा फरशी दगडासारखी झाली होती. मधोमध कपाळ, नाक आणि उघडं तोंड उमटलं होतं, शेजारी पंजा. त्यानं घाईनं घमेल्यात सिमेंट कालवलं. राहीबाई येऊन त्या खळग्यापाशी बसली.

"भरू नगंस."

"आई, मशीन बसवायचं हाय."

"बसीव की. ह्याच्याकडं बघत चालीव. उचलता येनार न्हाई अशीच पायजे हुती न्हवं तुला?"

उदयसिंह तिच्यासमोर मटकन बसला आणि तुटक्या दातांचं तोंड उघडं टाकून रडला. घमेल्यातलं सिमेंट तसंच घट्ट होत गेलं.