एका जनावरात एकच
त्या आठवड्यात डेल्मार कोवारिक माझ्या मांसाच्या दुकानातून रोज एक स्टेक न्यायला लागले. सोमवारी सिर्लॉइन, मंगळवारी सिर्लॉइन, बुधवारी पुन्हा तेच. बहात्तर वर्षांचा एकटा माणूस, एरवी शनिवारी चार सॉसेज नेणार. गुरुवारी मी सुरी खाली ठेवली.

"कुत्रा पाळलात की काय?"

"सराव करतोय," ते म्हणाले आणि ओठ वर करून दाखवले. अख्खी कवळी, नवी कोरी. "शनिवारी लव्हॉन जेवायला येतेय. दोन वर्षं हिंमत गोळा करत होतो, पोरी."

"मग कसा चाललाय सराव?"

"काल एकच घास वीस मिनिटं चावला. शेवटी दातच ताटात पडले." मला हसू आलं, पण त्यांना आलं नव्हतं. "तिच्यासमोर असं झालं तर घर विकून ॲरिझोनाला पोराकडे जाईन. गावात तोंड दाखवणार नाही."

"अहो, मग रस्सा करा की!"

"बाईला पहिल्यांदा घरी बोलवायचं आणि रस्सा वाढायचा? ती शेतावर वाढलेली आहे, तिला स्टेकच लागतो. दोन टी-बोन काप, हाडासकट. दोन बोटं जाड."

हट्टी म्हातारा! चिडूनच मी शनिवारचे दोन टी-बोन वहीत लिहिले.

शुक्रवारी लव्हॉनबाई आल्या. दुकानात दुसरं कुणी नाही हे बघून काउंटरवर वाकल्या.

"डेल्मारनं टी-बोन सांगितलेत का गं?"

"कुणाच्या घरी काय शिजणार, ते मी सांगत नसते. बाबांचा नियम आहे."

"म्हणजे सांगितलेत. मेले मी!" त्यांनी आवाज आणखी खाली आणला. "माझी कवळी आहे. अकरा वर्षं झाली. दातांच्या डॉक्टरशिवाय कुणाला ठाऊक नाही. मला त्याच्यापुढे म्हातारी दिसायचं नाहीये गं. काहीतरी कर."

दोघांचं एकच दुखणं आणि दोघंही ते एकमेकांपासून लपवतायत. मी एक वाक्य बोलले असते तर काम झालं असतं. पण बाबांनी चाळीस वर्षं पाळलेला नियम मी कसा मोडू? "बघते," एवढंच म्हणाले.

आत थंड खोलीत हँगर स्टेक टांगलेला होता. हा तुकडा एका जनावरात एकच निघतो. चवीला सगळ्यांत सरस आणि नीट कापला तर मऊसूत. म्हणूनच आम्ही खाटीक तो विकत नाही, घरी नेतो. आमच्या पाद्रीबाबांनी मागितला, तेव्हा त्यांनाही मी दिला नव्हता.

शनिवारी सकाळी तो मी डेल्मारना कागदात बांधून दिला.

"माझे टी-बोन?"

"मनासारखे निघाले नाहीत," मी खोटं बोलले. "हा दोघांत मिळून खा. कडक तव्यावर दोन्ही बाजूंनी भाजा, थोडा वेळ तसाच ठेवा आणि मग मांसाच्या धाग्याला आडवे, पातळ काप करा. उभे कापलेत तर चपलेचा तळ चावाल."

"आडवे, आडवे," असं पुटपुटत ते बाहेर पडले. त्या संध्याकाळी हँगरऐवजी मी अंडी खाल्ली आणि अंडी खाताना मला त्या दोघांची फार काळजी वाटली.

रविवारी दुकान बंद. सोमवारी भरल्या दुकानात दोघं एकत्र आत आले. डेल्मारचा शर्ट इस्त्रीचा. मी घाईनं काउंटरपाशी आले.

"हँगर कसा होता?"

"लोण्यासारखा," डेल्मार म्हणाले.

"आज काय देऊ मग? दोन सिर्लॉइन?"

दोघांनी एकमेकांकडे बघितलं.

"खिमा," लव्हॉनबाई म्हणाल्या. "दोन पौंड."

"यंत्रातून दोनदा काढ हं," डेल्मार म्हणाले, "आम्हा दोघांनाही तसाच लागतो."

आणि गिऱ्हाइकांच्या गर्दीत, तोंडावर हात न धरता, दोघं खदखदून हसले.