किलरीचं आठवं शिंगरू

हरभऱ्याची बादली दिसली की किलरी कान मागे टाकायची. आजही तसंच झालं. भैय्यालाल भिजवलेले हरभरे घेऊन तिच्या कोठ्याच्या दारात उभा होता आणि घोडी दात विचकून शिंगराच्या आडवी आली होती. शिंगरू तिच्या पोटाखालून डोकावत होतं. सहा महिन्यांचं झालं होतं, तरी ती त्याला क्षणभर नजरेआड होऊ देत नव्हती. रोज फेऱ्या घालून घालून तिनं कोठ्याच्या मातीत चर पाडला होता.

"काहून वं? मी काय वाघ हाव?" भैय्यालाल म्हणाला.

"वाघ नाई, लबाड माणूस तुमी," त्याची बायको चंद्रभागाबाई आतून बोलली. "माया भाऊ आज टेम्पो घेऊन येऊन राहिला, शिंगरू न्याले. तिले समजत नसन का?"

भैय्यालालनं बादली खाली ठेवली, मग उचलली, मग पुन्हा ठेवली.

तुमसरात नवरदेवासाठी घोडी देणारी घरं मोजकीच. भैय्यालालची जुनी घोडी मेली तेव्हा शेजारच्या मंगेशचा फोन आला होता. मंगेश पुण्याकडं एका घोडे-पैदाशीच्या फार्मवर घोड्यांची निगा राखणारा सईस होता. "काका, फ्रान्सची घोडी हाय. लय नावाची. पण दोन वर्सं झाले, पोट राहत नाई. मालक फुकट देऊन राहिला, माणूस तेवढा बरा पाहिजे म्हणते." ट्रकमधून उतरली ती वयानं पांढरीशुभ्र झालेली, लांब मानेची घोडी. नाव क्लेरीन. चंद्रभागाबाईच्या तोंडात ते बसलं नाही. आठ दिवसांत किलरी झालं.

तिची शर्यत दामिनीनं, भैय्यालालच्या मुलीनं, मोबाइलवर शोधून काढली. पॅरिसजवळचं हिरवंगार मैदान, टोप्या घातलेल्या बाया, आणि घोड्यांच्या घोळक्यात सगळ्यात मागे एक राखाडी घोडी. शेवटच्या वळणावर ती बाहेरच्या अंगानं निघाली आणि एकेकाला मागे टाकत अशी काही सुटली, की सांगणाऱ्या माणसाचा आवाज चिरकला. भाषा कळत नव्हती, पण भैय्यालाल खाटेवरून उठून उभा राहिला होता. त्या वर्षी ती पाच शर्यती धावली आणि पाचही जिंकली. पुढं तिला पैदाशीला लावलं. तीन शिंगरं तिकडं झाली, चार पुण्याला. त्यातलं एक मुंबईत मोठी शर्यत जिंकलं, एक हैदराबादला धावत होतं. भैय्यालाल ही माहिती पानठेल्यावर घरच्या सोयरिकीसारखी सांगायचा.

वरातीत मात्र ती पंचाईत करायची. बँड वाजला, गर्दी ओरडली, की किलरीला वाटायचं शर्यत सुटली. एकदा तर वरात बाजारातच नाचत राहिली आणि नवरदेव एकटाच मांडवात पोचला. नवरीचा बाप आरतीचं ताट शोधत पळाला.

"लग्नाची लयच घाई दिसते बाप्पा जावयाले!" बाया हसून हसून बेजार झाल्या.

आणि मोहाडीच्या एका लग्नात ते घडलं. कुंदन, भैय्यालालचा साळा, शहापूरहून आपला नाचणारा घोडा घेऊन आला होता. वांझ घोडीला काय होते, म्हणून भैय्यालालनं दोघांना एकाच आंब्याला बांधलं आणि जेवायला बसला. पंगतीतून धावत येईपर्यंत व्हायचं ते झालं होतं. लोक हसत होते. कुंदन म्हणाला, "भाऊजी, माया घोड्याची मेहनत वाया नोका जाऊ देऊ." भैय्यालालही हसला, आणि किलरीच्या पाठीवर हात ठेवून सगळ्यांसमोर बोलून गेला, "पोट राहिलं तं शिंगरू तुयं!"

घोड्याच्या पाठीवर हात ठेवून दिलेला शब्द घोडेवाल्यांत कोणी मागे घेत नाही. घोडी गाभण राहील असं मात्र कोणाच्या स्वप्नातही नव्हतं.

आज मात्र बादली ठेवल्यावर त्याला राहवलं नाही. त्यानं मंगेशला फोन लावला. "हरभरे पायले का चवताळते रे हे? फार्मवर का देत होते तुमी?"

"हरभरेच देत होतो काका." मंगेश म्हणाला. "शिंगरू सहा महिन्याचं झालं का आमी तिच्यापुढं हरभऱ्याची बादली ठेवत होतो. ते तोंड घालत होती, आन् मांगच्या दारातून आमी शिंगरू नेत होतो. इथले चारही असेच नेले. तीन-तीन दिवस हाका मारे. मंग गप होऊन जाये."

भैय्यालालनं फोन खाली केला आणि बादलीकडं बघितलं. म्हणजे सहा महिने, रोज सकाळी, आपण लाडानं जे नेत होतो, ते तिच्या लेखी काय होतं?

धानाच्या रोवण्याचे दिवस होते. चिखलातून घसरत टेम्पो आला. कुंदन उतरला, पँट वर खोचून. कोठ्यात बघून म्हणाला, "बादली हाय ना भाऊजी? सामोरून तुमी द्या, मांगून मी काढतो. लवकर होऊन जाईन."

"नाई," भैय्यालाल म्हणाला.

कुंदनचा चेहरा उतरला. "शब्द देला होता तुमी. चार लोकाईसमोर."

"मामा, ते मजाक होती!" दामिनी मध्ये पडली. "दुसरं काई घ्या ना."

"मजाक असो का काई असो. पाठीवर हात होता का नोता?"

"होता," भैय्यालाल म्हणाला. पुढचं वाक्य त्याच्या तोंडात फिरत राहिलं. पॅरिसचं हिरवं मैदान, पानठेल्यावरच्या गप्पा, येणारी लगनसराई, सगळं एकदम डोळ्यांपुढून गेलं. "घेऊन जा. पण दोघाईले ने."

"दोघाईले?" चंद्रभागाबाई पदर सावरत बाहेर आली. "अन् नवरदेवाले का खांद्यावर बसवून नेसान?"

"नेईन."

ती नवऱ्याकडं बघून कोठ्यात गेली आणि तिनं स्वतःच घोडीचा दोर सोडला.

शिंगराला फळीवरून वर चढवताना किलरी अशी ओरडली, की शेजारचे लोक बाहेर आले. तिला धरायला कुंदन धावला.

"सोड तिले," भैय्यालाल म्हणाला.

तिनं फळीकडं पाहिलंही नाही. म्हातारं अंग गोळा केलं आणि एका उडीत टेम्पोत चढली. शिंगरू तिच्या कुशीत शिरलं. भैय्यालालनं हरभऱ्याची बादली वर दिली, पाठीवर मात्र हात ठेवला नाही.

दिवसभर तो घरात बसला नाही, बाहेरही उभा राहिला नाही. कोठा झाडला. झाडलेला पुन्हा झाडला. तो चर मात्र त्यानं बुजवला नाही. दिवेलागणीला कुंदनचा फोन आला.

"भाऊजी, खाल्ले बरं तिनं. समदे हरभरे. शिंगरानंही तोंड घातलं बादलीत."

"कान? कान कसे होते तिचे?"

"कान?" कुंदन हसला. "सामोर होते ना. काहून?"

"काई नाई," भैय्यालाल म्हणाला. फोन ठेवून तो आत गेला आणि सवयीनं हरभरे भिजत घातले. चंद्रभागाबाईनं ते पाहिलं.

"उद्या शहापूरची पयली गाडी सातले हाय," ती म्हणाली. "फडक्यात बांधून देईन."