खाली ऊब, वर हिवाळा

शेवटी व्हेरा कॅलगरीला एकटीच परत गेली आणि आई विनिपेगच्या तळघरातच राहिली. हे वाचलंच नाही असं समजा. कारण युक्रेनी नाताळच्या सणाच्या दिवशी दुपारी ओरेस्ट पालामारचुकला यातलं काहीच ठाऊक नव्हतं आणि त्याचे हातपाय गार पडले होते. तळघरात उभ्या माणसाचे पडतातच. पण याचे भीतीने पडले होते.

तळघर त्याने स्वतः नटवलं होतं. दोन उन्हाळे खपून भिंतींना लाकडी फळ्या, खाली गालिचा आणि कोपऱ्यात एक ऐटबाज बार, ज्यावर आजवर फक्त आईच्या गोळ्या ठेवल्या गेल्या होत्या. शेत विकून आई इथे आली ती याच तळघराच्या भरवशावर. "वरच्यापेक्षा खालीच ऊब लागेल तुला," असं ओरेस्ट चारचौघांत बोलून बसला होता. ते चारही जण अजून धडधाकट होते, त्यामुळे शब्द फिरवायची सोय नव्हती.

थोरली बहीण व्हेरा आज जेवायला येणार होती. तिने फोनवरच बजावलं होतं, "खाली गारठा असला तर उद्या आईला गाडीत घालून नेणार. तळघर बटाट्यांसाठी असतं, ओरेस्ट, आयांसाठी नाही."

आईला विचारून उपयोग नव्हता. प्रेअरीच्या गवताळ मैदानावरची माणसं दात वाजत असले तरी थंडी कबूल करत नाहीत.

"आई, गार वाटतंय का?"

"ठीक आहे."

"मग डोक्याला दोन रुमाल कशाला?"

"एक धुवायचाय."

सगळं घर तापवणारी भट्टी तळघरातच होती, पण तिला हुकूम सोडणारा थर्मोस्टॅट वर, स्वयंपाकघराच्या दाराशी. एरवी कसंबसं निभावायचं. आज मात्र ओरेस्टची बायको डार्लीन सकाळपासून सणाला लागतातच ते बारा पदार्थ रांधत होती. बीटाचं सार, मासे, गव्हाची खीर, कोबीची पानं. विजेच्या सगळ्या चुली पेटलेल्या. वर इतकी धग, की थर्मोस्टॅटला वाटलं जुलै आला. त्याने भट्टी बंद केली ती केलीच. बाहेर उणे बत्तीस. खाली आई दोन रुमालांत ठीक होती.

ओरेस्टने विचार केला. विचार वाईट नव्हता, फक्त गोठलेला होता. त्याने फ्रीझरमधून एक पिशवी काढली, चिकटपट्टीने थर्मोस्टॅटवर बसवली आणि वर आपली कानटोपी टांगली. थर्मोस्टॅटला हुडहुडी भरली. खाली भट्टी धडधडू लागली.

"ओरेस्ट, मी उकडून निघतेय रे!" डार्लीन ओरडली.

"सणाचा उत्साह आहे तो."

"मग उत्साहाला बाहेर घालवते," असं म्हणत तिने खिडकी सताड उघडली.

व्हेरा आली ती बूट काढून सरळ खाली गेली. तिने भिंतीला तळहात लावला. मग कोट काढला. मग स्वेटर काढला. ओरेस्ट जिन्यावरून एकेक कपडा मोजत होता.

"बरं आहे," व्हेरा म्हणाली. तिला दुःख झाल्याचं स्पष्ट दिसत होतं.

तेवढ्यात डार्लीनला मदत करायला वर गेलेल्या आईचा आवाज आला. "माझ्या वारेनिकी कुठायत? फ्रीझरात पिशवी नाही."

अकरा पदार्थांवर सण होत नाही. सगळे वर जमले. कोणी काही बोलायच्या आत कानटोपीतून एक थेंब टपकला. मग दुसरा. आईने टोपी उचलली. बटाटा भरून हाताने मुडपलेल्या तिच्या वारेनिकी, म्हणजे उकडायच्या करंज्याच, एकमेकींच्या गळ्यात पडून थर्मोस्टॅटला चिकटल्या होत्या.

"म्हणजे खालची ऊब या पिशवीच्या जिवावर?" व्हेराने विचारलं. "आणि या पोटात गेल्यावर?"

आईने पिशवी ओढून काढली. थर्मोस्टॅटला जवळच्या चुलीची धग पुन्हा लागली. भट्टीने एक उचकी दिली आणि ती गप्प झाली.

"आई, सामान भर," व्हेरा म्हणाली.

ओरेस्टला आपल्या आयुष्यातले दोन उन्हाळे डोळ्यांदेखत बुडताना दिसले. आईने मात्र त्याच्याकडे असं पाहिलं, की तो पुन्हा आठ वर्षांचा झाला.

"गल्लीतल्या प्रत्येक घरात खाली दुसरी चूल आहे. सणाचं सगळं खालीच शिजतं. तुझी कुठाय?"

"गॅरेजात. गावंढळ दिसायची, म्हणून काढली."

"आण."

चुलीची वीजजोडणी शाबूत होती. ती झाकायलाच तर त्याने बार बांधला होता. बार उचकटताना तो एकदाच कळवळला. मग चूल जोडली, पातेली खाली गेली, वारेनिकींचा एकच मोठा गोळा उकळला. बाराव्या पदार्थाचा आकार कसा असावा, याबद्दल कुठलाही नियम नाही.

वरच्या चुली विझल्या. खिडकी बंद करायचं कोणालाच सुचलं नाही. थर्मोस्टॅट खराखुरा गारठला आणि भट्टी पुन्हा धडधडू लागली. खाली सगळे बाह्या वर करून जेवत होते. आईच्या डोक्याला एकही रुमाल नव्हता.

"खरं सांग, आई," व्हेराने विचारलं, "आजवर गार लागत होतं ना?"

"मरणाचं."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तू नेलं असतंस."

व्हेराने गोळ्याचा आणखी एक तुकडा वाढून घेतला.

व्हेरा परत गेल्यापासून ते तिघंही खालीच राहतात. ओरेस्टने महापालिकेला रीतसर अर्ज केला आहे: "सदर घराच्या वरील मजल्यावर सध्या एका थर्मोस्टॅटखेरीज कोणाचेही वास्तव्य नाही. तरी वरील मजल्याची नोंद माळा अशी करण्यात यावी, तळघरास तळमजला समजण्यात यावे, व समोरील रस्ता त्यानुसार एक मजला खाली घेण्यात यावा, ही नम्र विनंती."