उसवलेला स्वेटर

अजीज पिंजाऱ्याला विणायला शिकवलं शेजारच्या तुळशीबाईनं, आणि शिकवताना रोज एकदा तरी ती त्याच्यावर ओरडायची.

"अजीजभाऊ, इतलं कसाले ताणस? लोकर शे ती, गादी नही!"

नंदुरबारला त्याचं गाद्या भरायचं दुकान होतं. जन्मभर दाभणात दोरा ओवायचा आणि टाका करकचून ओढायचा. हात सैल सोडायला त्याला साठीला आल्यावर शिकावं लागत होतं.

शिकायचं कारण म्हणजे त्याची बायको. जाहेदा उन्हाळ्यात गेली तेव्हा सुयांवर एक पिवळा छोटा स्वेटर राहिला होता. पाठ बगलेपर्यंत विणून झालेली. मुलगी सबीहा खांडबाऱ्याला दिलेली होती, ती पहिल्या बाळंतपणाला माहेरी येणार होती. फोनवर तिचं एकच असायचं, "अब्बा, अम्मीनं विणलेलं सांभाळून ठेवा. बाळाला पहिलं तेच घालणार मी."

अजीजनं ठरवलं, नुसता सांभाळायचा कशाला, पुराच करून देऊ, आणि सबीहाला तसं फोनवर सांगितलंही.

सुरुवातीला सुया हातातून निसटायच्या, टाके गळायचे. मग हळूहळू एक सुलट, एक उलट जमायला लागलं. दुपारी दुकानात गिऱ्हाईक नसलं की तो गादीवर बसून विणायचा. जाहेदा गेल्यापासून छातीवर दगड ठेवल्यासारखं व्हायचं, ते विणताना होत नसे. भूक लागायला लागली. तुळशीबाईला त्यानं एकदा चक्क चहा करून पाजला.

"साखर इसरी गया तू," ती म्हणाली, "पन पेसू मी. पहिल्यांदा हसना तू आज."

ते ऐकून त्याचा चेहरा उतरला. आपण हसलो हे त्याच्या लक्षातच आलं नव्हतं.

चार बोटं वीण वाढली तेव्हा तुळशीबाईनं स्वेटर मांडीवर पसरला. जाहेदाची वीण मऊ, मोकळी. त्याची तिच्यावर आवळून बसलेली, पट्टा बांधावा तशी.

"तुन्हं तुन्हं उसव," ती म्हणाली. "तिन्हाले हात नको लावू." आणि भाकरी टाकायला निघून गेली.

अजीजनं सुई काढली आणि लोकर ओढली. टाके सुटत गेले. त्याची ओळ संपली आणि जाहेदाची सुरू झाली, ते बोटांना लगेच कळलं, कारण लोकर एकदम सहज यायला लागली. तिथं थांबायचं होतं. तो थांबला नाही. जुन्या कापसावर नवा कापूस कधी भरायचा नसतो, गादी उसवायची तर पुरी उसवायची, सगळं पिंजून पुन्हा भरायचं, हेच तो चाळीस वर्षं करत आला होता. हात आपोआप चालले. आणि खरं सांगायचं तर ओढताना फार बरं वाटत होतं. शेवटचा टाका सुटला तेव्हा मांडीवर नुसता पिवळा ढीग होता.

त्यानं लोकरीचा गुंडा केला, नवे टाके घातले आणि पहिल्यापासून विणायला घेतलं. या वेळी हात सैल पडला. वीण सरळ येत होती. तो गुणगुणायला लागला. दिवस मावळून मगरिबची अजान झाली तेव्हा त्यानं मान वर केली, आणि अख्खी दुपार जाहेदाची एकदाही आठवण आली नाही, हे त्याला कळलं. तिच्या हातचं शेवटचं काम तिची आठवणही न काढता आपण मोडलं. त्या रात्री तो जेवला नाही. दुसऱ्या दिवशी मात्र पुन्हा विणायला बसला.

सबीहा आली तेव्हा फक्त एक बाही राहिली होती. तिनं पिशवी खाली टाकली आणि स्वेटर गालाला लावला.

"पाठ बघा ना अब्बा! अम्मीचा हात लपत नाही."

तुळशीबाई दारातच उभी होती. पाठ नव्यानं विणलेली आहे हे तिला ठाऊक होतं. तिनं अजीजकडे पाहिलं आणि घरी गेली. अजीज गप्प बसला असता तर सगळं निभावलं असतं. सबीहा त्या पाठीवरून बोटं फिरवत होती.

"बेटा, ती पाठ तिची नाही," अजीज म्हणाला. "मी उसवली."

"किती?"

"सगळी."

ती खाली बसली. स्वेटर उलटा केला, सुलटा केला, जणू कुठंतरी एखादी ओळ राहिली असेल.

"चुकून?"

"चुकून नाही. बोटांना कळलं होतं, तरी थांबलो नाही."

"रडलात तरी का?"

खोटं बोलणं सोपं होतं. "नाही," तो म्हणाला. "बरं वाटत होतं मला. विणताना बरं वाटतं. तुझ्या अम्मीचीसुद्धा आठवण येत नाही तेवढा वेळ."

सबीहानं स्वेटर घडी न करता खाटेवर ठेवला. आत जाऊन तांदूळ धुतले, भांडी उगाच आपटली. बऱ्याच वेळानं दारात आली. डोळे लाल होते.

"बाही पुरी करा," ती म्हणाली. "पण माझ्यासमोर नको. मला नाही बघवणार."

तो सुया घेऊन दुकानात गेला आणि दाराची फळी अर्धी ओढून बसला. पहिली ओळ जड गेली, हात पुन्हा आवळत होता. दुसऱ्या ओळीला सैल झाला. तिसऱ्या ओळीला छातीवरचं ओझं उतरायला लागलं, आणि ते उतरतंय म्हणून त्याला स्वतःची लाज वाटली. त्यानं डोळे पुसले, टाका बघितला आणि पुढचा घातला.