फुकटचे पंधरा दिवस

अण्णांशी बोलायचं म्हणजे ओरडायचं, आणि मी ओरडले की शेजाऱ्यांना वाटायचं, बाप-लेकीची जुंपली. शेवटी मी त्यांना कानाच्या मशीनच्या दुकानात नेलं.

दुकानदार गोडबोल्या. म्हणाला, "पंधरा दिवस फुकट वापरा. पटलं तरच घ्या." निघताना कार्डाचा नंबर मागितला, नुसती नोंद म्हणून. मी देऊन मोकळी झाले.

अण्णा माणसांत आले. मी ब्लाउज शिवत होते, तर आतल्या खोलीतून म्हणाले, "पट्टा सैल झालाय गं तुझ्या मशीनचा." खरंच झाला होता.

सोळाव्या दिवशी बँकेचा मेसेज आला. पहिला हप्ता, तपासणी फी, वर्षाची देखभाल, सगळं एकदम कापलेलं. मी तशीच दुकानात गेले. त्याने पावतीच्या मागची मुंगीएवढी अक्षरं दाखवली. "कालपर्यंत परत करायचं होतं, ताई. आता वापरा की! पुढचा हप्ता महिन्यानं."

मी बँकेत जाऊन कार्ड बंद केलं, तक्रार लिहून दिली. घरी येऊन अण्णांपुढे हात केला. त्यांनी निमूटपणे कान पुढे केला.

"फार महाग आहे का?"

"फसवतायत, अण्णा."

ते हसून मान हलवत राहिले. मशीन माझ्या मुठीत होतं, त्यांना काही ऐकू गेलं नव्हतं.

मशीन त्याच संध्याकाळी त्याच्या दुकानात टाकून आले. दुसऱ्या दुकानात मी ताकही फुंकून प्यायले. एकूण किंमत, पुढचा खर्च, परत घ्यायची अट, सगळं सहीनिशी लिहून घेतलं. पैसे रोखीनं दिले, कार्डाचं नावही काढलं नाही. कानाच्या मापाचं मशीन यायला तीन आठवडे लागणार होते.

त्या दिवसांत हाताखाली लग्नाचे कपडे होते. अण्णा काही विचारायचे, मी खुणेनंच भागवायचे. ओरडायचं त्राण नसायचं. ऑर्डर दिल्यापासून अठराव्या दिवशी दुपारी ते खुर्चीत बसल्या बसल्याच गेले.

महिन्याभरानं बँकेनं पैसे परत केले. शेजारीण म्हणाली, "तू होतीस म्हणून. आम्ही गप्प बसलो असतो." आता कुणी काही घेणार असलं की कागद दाखवायला माझ्याकडे येतात. मी सगळं वाचून देते.

तक्रार करूनही ते मशीन तीन आठवडे त्यांच्या कानात राहू देता आलं असतं. तेव्हा सुचलं नाही, असं मी बहिणीला सांगितलं. सुचलं होतं. त्या माणसाची वस्तू मला घरात एक दिवसही नको होती.